वेरुंडात विहीर एकच

प्रज्ञा,

भोर-वेल्हे गाडीवर तुझ्या जागी आता दुसऱ्या बाई आल्या आहेत. चांगल्या आहेत. हसून बोलतात, म्हाताऱ्यांना हात देऊन वर घेतात. परवा मार्गासनीच्या थांब्यावर एक बाबा चढले. नव्या बाईंकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमची पोरगी कुठंय? तिला सांगायचं व्हतं, म्हस याली म्हणून." बाईंना काही कळेना. शेवटी मागच्या सीटवरून मीच उठले आणि तू गेल्याचं त्यांना सांगितलं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नसरापूर येईपर्यंत तशीच ठेवली.

तुला जाऊन सव्वीस दिवस झाले. ताप आला, तू तो अंगावर काढलास, ड्यूटीवर गेलीस, आणि मग आठ दिवसांत सगळं संपलं. त्या आठ दिवसांबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते दिवस तुझे नव्हते. तुझे ते रविवार. चार वर्षांचे.

आपली ओळख गाडीतच झाली. मी पालीहून रोज भोरला शाळेत शिकवायला येणारी, तू तिकिटं फाडणारी. एकदा तू विचारलंस, "मॅडम, पोरांना काय शिकवता?" मी म्हटलं, "इतिहास." तू विचारलंस, "कुणाचा?" मी हसले. तू हसली नाहीस, पुढच्या सीटकडे वळलीस. त्या दिवसापासून मी तुझ्याशेजारची जागा धरायला लागले.

खेळ आणला तो हणमंतनं. माझा धाकटा भाऊ, सारोळ्याला हायवेवर चहाची टपरी चालवतो. त्याआधी सहा वर्षं तो पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत होता. तिथली मंडळी शनिवारी जमून हा खेळ खेळायची. गावी परत येताना त्यानं कपड्यांच्या बॅगेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि डबीभर फासे आणले. खेळ म्हणजे कागद, पेन्सिल आणि बोलणं. एक जण जुन्या काळातला, राजेरजवाड्यांचा, जादूचा एक प्रदेश मांडतो आणि तिथली सगळी माणसं तोच बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी लढवय्या, कुणी वैदू, आणि आता मी हे करते, आता मी तिकडे जाते असं सांगत गोष्ट पुढे नेतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली, की वीस बाजूंचा फासा टाकायचा.

आमच्या पालीच्या घरी, पडवीत, पहिला रविवार; तुला मीच बोलावलं होतं. माझे यजमान ट्रेकर मंडळींना घेऊन राजगडावर गेलेले. पडवीच्या टोकाला चुलीपाशी माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते आणि पुढे तूही म्हणायला लागलीस, गडावरून खाली येणाऱ्यांसाठी भाकरी थापत होत्या. हणमंतनं पुस्तक उघडून गंभीर आवाजात सुरुवात केली, "तुम्ही एका गावात शिरता. समोर दारूचा गुत्ता आहे."

"शिरल्या शिरल्या गुत्ता?" तू म्हणालीस. "पार न्हाई, पाणवठा न्हाई?"

"पुस्तकात असंच आहे."

"बरं. या गावात पाहुण्याला आधी काय देतात?"

हणमंतनं पानं उलटली.

"माणूस मेलं तर पुरतात का जाळतात? भांडण झालं तर कोण मिटवतं?"

"तलवारीनं किती जखम होते ते आहे," हणमंत म्हणाला, "हे नाही."

"मग हे गाव न्हाई, हणमंता. हा नुसता थांबा हाय."

त्यानं पुस्तक मिटलं आणि फाशांची डबी तुझ्यापुढे सरकवली. "मग तूच सांग."

पुढच्या रविवारी तू वही घेऊन आलीस. सुट्टी रविवारी पडत नव्हती, ती तू कुणाशी तरी बदलून घेतली होतीस. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वेरुंड'. हे नाव कुठून आलं ते तू कधी सांगितलं नाहीस. वेरुंड म्हणजे सात खोरी, चार गड, एक म्हातारा राजा. पण राजाबद्दल तू चार ओळी लिहिल्या होत्यास आणि रीतिरिवाजांवर अकरा पानं.

वेरुंडात पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय नाव विचारत नाहीत, आणि पाणी घरधनी स्वतः ज्या भांड्यातून पितो त्याच भांड्यातून देतात. वेरुंडात दोन माणसं भांडली तर पंच निवाडा करत नाहीत. गावाचा कुठला तरी पडलेला बांध त्या दोघांनी मिळून घालायचा, आणि तो पुरा होईस्तोवर एकमेकांशी बोलायचं नाही. वेरुंडात लग्न ठरताना मुलीनं मुलाच्या घरी एक दिवस पाहुणी म्हणून राहायचं आणि संध्याकाळी नुसतं 'येते' किंवा 'जाते' म्हणायचं. 'येते' म्हणाली तर लग्न, 'जाते' म्हणाली तर कुणी कारण विचारायचं नाही.

आणि ड्रॅगन. हणमंतचा हट्टच होता की ड्रॅगन पाहिजे. तुझा ड्रॅगन एका खिंडीत राहायचा, फार म्हातारा, आणि त्याला बोकड लागत नसे, सोनं लागत नसे. त्याला बातम्या लागत. दर अमावास्येला एका गावाची पाळी असायची. गावातल्या कुणी तरी खिंडीत जाऊन त्याला महिनाभरात काय काय झालं ते सांगायचं. खरं सांगायचं. खोटं सांगितलं तर त्या गावावर तो रुसायचा आणि पाऊस अडवायचा. हणमंत वैतागला. "अगं, मग याच्याशी लढायचं कधी?" तू म्हणालीस, "त्याचं ऐकून घेणारं कोण न्हाई म्हणून तो तिथं बसलाय का, दुसऱ्याचं ऐकायला बसलाय, ते आधी शोध. मग लढ."

तेव्हा मला वाटलं होतं, ही कल्पना हिला कुठून सुचली असेल. आता गाडीत बसले की कळतं. पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत प्रत्येक जण तुला काही ना काही सांगायचा. कुणाची सून नांदायला आली, कुणाचा पाय मोडला, कुणाच्या खाचरात रानडुकरं शिरली. तू तिकीट देताना फक्त "मग?" म्हणायचीस.

आत्या खेळात कशा आल्या ते आठवतं का? हणमंतचा लढवय्या एका गावाच्या वेशीवर तलवार काढून ओरडत होता, कोण आहे रे तिकडे, पुढे या. तू मोठ्या मनानं त्याला फासा टाकू देणार, तेवढ्यात चुलीकडून आवाज आला.

"आरं, सुगीच्या दिसात वेशीवर कोण येतंय तुज्या तोंडाम्होरं? समदी रानात असत्यात. गावात म्हातारी माणसं आन कुत्री. म्हातारीला इचार की नीट."

तू वळून बघितलंस. "मग त्या म्हातारीचं तुमीच बोला, आत्या."

"म्या? मला न्हाई येत तुमचं खेळाया."

"हा विचारतोय, गावचा कारभारी कुठंय. काय सांगाल?"

आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हात झटकला आणि हणमंतकडे बघून म्हणाल्या, "आधी ती तलवार आत ठेव. मग सांगते."

त्या दिवसापासून आत्या म्हणजे येसाई, वेशीवरची म्हातारी. अक्षरओळख नसलेली ही बाई वेरुंडातले सगळे रिवाज तोंडपाठ ठेवायची. तू चुकलीस तर तुलाच टोकायची.

आता ते लिहायला हवं, जे मी चार वर्षं तुझ्यासमोर बोलले नाही.

आमच्या घरी पहिले कितीतरी महिने तुला चहा वेगळ्या कपातून दिला जायचा. पांढरा कप, निळी रेघ. तो मोरीच्या खिडकीत असायचा, बाकीच्या कपांत नाही. दुसऱ्याच रविवारी माझ्या लक्षात आलं. तू पहिल्याच रविवारी ओळखलं असशील. तू बौद्ध घरातली आणि आमचं घर कसलं, हे दोघींनाही माहीत होतं. मी शाळेत समतेचा धडा शिकवते. पोरांना फळ्यावर मुद्दे काढून देते. आणि घरी आत्यांना एवढं म्हणू शकले नाही, की हा कप आत ठेवा. त्यांचं वय आहे, हळूहळू होईल, उगाच घरात वाद नको, असं मी स्वतःला सांगत राहिले. तू चहा प्यायचीस, कप स्वतः विसळून खिडकीत ठेवायचीस आणि येऊन म्हणायचीस, "हां, तर कुठं होतो आपण?"

आणि त्याच दिवसांत मी तुझ्याशी ते भांडण काढलं. माझं पात्र एका गडाच्या किल्लेदाराची मुलगी होतं. गडाच्या पायथ्याला एक वस्ती होती. मी म्हटलं, "प्रज्ञा, तुझ्या वेरुंडात एक गोष्ट खोटी वाटते. जुना काळ आहे, गड आहेत, राजा आहे, आणि जन्मावरून उतरंड कुठेच नाही? कुणी वरचं नाही, खालचं नाही? गडावरची आणि पायथ्याची माणसं एकाच विहिरीवर पाणी भरतात? असं कधी झालेलं नाही. इतिहासात नाही."

"माझ्यात हाय," तू म्हणालीस.

"पण मग तो काळ खरा कसा वाटेल?"

तू पेन्सिल खाली ठेवलीस. "मनीषा, तुला ड्रॅगन चालतो. मंतरलेली तलवार चालते. मागच्या रविवारी तुझी ती किल्लेदाराची पोर घुबड होऊन उडाली, ते चाललं. आणि एका विहिरीवर सगळे पाणी भरतात, हे तुला खोटं वाटतं?"

मी गप्प झाले नाही. गप्प व्हायला हवं होतं. मी शिकवणारी बाई. मी म्हटलं, "अन्याय दाखवला नाही तर त्याच्याशी लढायचं तरी कसं? तू तर तो पुसूनच टाकतेस."

"मी आठवडाभर बघते तो," तू म्हणालीस. आवाज जराही चढला नव्हता. "सहा दिवस. रविवारी चार तास मला दुसरं काहीतरी बघू दे." आणि तुझी नजर खाली गेली, गुडघ्यापाशी ठेवलेल्या त्या कपाकडे. मग माझ्याकडे. मी ती नजर बघितली आणि फासे गोळा करायला लागले.

पुढचे तीन रविवार तू आली नाहीस. सोमवारी मी गाडीत चढले तर तू म्हणालीस, "पास दाखवा." दोन वर्षांत तू मला कधी पास मागितला नव्हतास. मी पर्स उघडून शोधत राहिले. तू पास बघितलास, परत दिलास आणि मागे गेलीस.

तिसऱ्या रविवारी आत्यांनी विचारलं, "ती कंडक्टरीण का येत न्हाई?" मी सांगितलं, विहिरीवरून आमचं वाजलं. कपाचं सांगितलं नाही. पण आत्या काही आंधळ्या नव्हत्या. त्या पीठ मळत राहिल्या. "माझं गाव हाय की ते बी," एवढंच म्हणाल्या, "माझी बी वेस हाय तिथं."

चौथ्या रविवारी अकराच्या सुमाराला तू फाट्यावरून चालत आलीस. पडवीत चप्पल काढताना मला म्हणालीस, "तुझ्यासाठी न्हाई आले. वेरुंडात भात कापणीला आलंय, माणसं खोळंबलीत." मग बसलीस आणि वही उघडलीस. त्या दिवशीच्या खेळात तू किल्लेदाराच्या मुलीला आणि वस्तीतल्या एका बाईला, विहिरीवर भांडल्या म्हणून, पडलेला बांध घालायला लावलास. वस्तीतली बाई अर्थात तूच. रिवाजाप्रमाणे बोलायचं नव्हतं. तू मांडीवर हात ठेवून नुसती म्हणायचीस, "मी दगड देते." मी म्हणायचे, "मी लावते." हणमंत आणि आत्या बघत होते. अर्धा तास आपण दगड देत होतो आणि लावत होतो. इतका कंटाळवाणा खेळ कुणी खेळला नसेल. मला त्यातला दगड न् दगड आठवतो.

चहा त्या दिवशी कागदी कपातून आला. सगळ्यांना. ट्रेकर मंडळींसाठी आणलेल्या गठ्ठ्यातले. आत्यांनी ट्रे ठेवला आणि कुणाकडे न बघता चुलीकडे गेल्या. तू कप उचललास, त्याच्याकडे नीट बघितलंस आणि मोठ्यानं म्हणालीस, "आत्या, मला पण ट्रेकर केलंत व्हय?" हणमंत खदखदून हसला. त्याला काहीच माहीत नव्हतं. आत्याही हसल्या, पाठ करून.

कागदी कप पुष्कळ दिवस चालले. मग कधी तरी घरातले स्टीलचे पेले आले. कुठल्या रविवारी ते मला सांगता येत नाही, आणि याची मला अजून लाज वाटते, कारण मी ते होताना नुसती बघत होते. काम आत्यांनी केलं, तू केलंस. मी फक्त घरात होते. एकदा पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सोडत होतं म्हणून दुसरं भांडं शोधायला गेले, तर निळ्या रेघेचा कप चुलीपाशी, आत मीठ. आत्या रोज त्यातूनच चिमूट घेऊन पिठात टाकत होत्या. मी तिथेच उभी राहिले. आत्या म्हणाल्या, "काय बघती? भाजी करपंल."

तुझी माफी मागायची होती. दर वर्षी, दर महिन्याला मागायची होती. तुला फाट्यावर सोडायला यायचे तेव्हा मनात वाक्य जुळवायचे. पण तुला बघितलं की वाटायचं, आता सगळं चांगलं चाललंय, जुनं कशाला उकरा. हे मला वाटायचं. तुला काय वाटायचं ते मी विचारलंच नाही. आता इथे मागते. ती पोचत नाही हे ठाऊक आहे.

आभार मात्र एका गोष्टीचे मानायचे आहेत, आणि तेही तुला कधी सांगितले नाहीत. गेल्या वर्षीची येसाईच्या गावाची पाळी. अमावास्या, खिंड, ड्रॅगन. हणमंत म्हणाला, मी जातो. आत्या म्हणाल्या, "तू ऱ्हा. तुला काय ठावं हाय गावचं?" आणि येसाई खिंडीत गेली. तू ड्रॅगन झालीस, म्हणजे काही केलं नाहीस, फक्त पाठ भिंतीला टेकवून डोळे अर्धे मिटलेस.

आत्या सांगायला लागल्या. वेरुंडातलं भात, वेरुंडातली लग्नं, कुणाची शेळी वाघानं नेली. तू म्हणायचीस, "मग?" त्या आणखी सांगायच्या. "मग?" आणि मधेच कधी वेरुंड सुटलं ते कळलं नाही. आत्या सांगत होत्या की त्यांना माझ्या यजमानांच्या आधी एक मुलगी होती. दोन वर्षांची होऊन गेली. पावसात पालीहून खाली दवाखान्यात नेता आली नाही. नाव हिरा. घरात तिचं नाव कुणी घेत नाही, कारण आत्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, गेलेल्याचं बोलू नये, पुढच्याला दृष्ट लागते. बावीस वर्षं मी या घरात सून आहे. मला हिरा माहीत नव्हती. माझ्या नवऱ्याला माहीत नव्हती, आपली थोरली बहीण.

आत्या थांबल्या. हातावरचं पीठ वाळलं होतं. हणमंत खाली बघत होता. तू डोळे उघडलेस, पण ड्रॅगनच राहिलीस. त्याच आवाजात विचारलंस, "दिसायला कशी होती?"

"गोरी व्हती," आत्या म्हणाल्या. "आन रडायची लई."

"मी ऐकलं," तू म्हणालीस. वेरुंडात ड्रॅगन शेवटी एवढंच म्हणतो. मग तू वहीत काही तरी लिहिलंस आणि म्हणालीस, "येसाईच्या गावाला यंदा पाऊस वेळेवर." आत्यांनी डोळे पुसले नाहीत, सरळ उठल्या आणि तवा ठेवला. आता आमच्या घरी हिराचं नाव घेतलं जातं. सणाला नैवेद्याचं एक पान जास्त वाढतात.

शेवटच्या रविवारी आपण पुन्हा विहिरीवरच आलो होतो. मी म्हटलं होतं, बाहेरच्या देशातून एक माणूस वेरुंडात येऊ दे, उतरंडीच्या देशातून, आणि तो विहिरीवर गेला की म्हणू दे, माझ्यासाठी वेगळा पोहरा ठेवा. बघू, वेरुंड काय करतं. तू बराच वेळ पेन्सिल चावत बसलीस. मला वाटलं, आता पुन्हा तीन आठवडे. पण तू म्हणालीस, "आण. आण त्याला. पण त्याला काय उत्तर मिळतं ते मी ठरवणार."

"काय मिळेल?"

"ते पुढच्या वेळी."

मी अजूनही मानते की त्याला आणायला हवा. तू असतीस तर अजूनही वाद घातला असता. आणि त्याला काय उत्तर मिळायचं ते मला माहीत नाही. मी खूप डोकं लावलं. माझी सगळी उत्तरं धड्यासारखी येतात.

मागच्या रविवारी भोरला तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. सकाळी आत्यांनी चूल पेटवलीच नाही. गडावर जाणाऱ्या मंडळींनी पिठलं-भाकरीचं विचारलं तर म्हणाल्या, "आज न्हाई. आज आमच्यातलं माणूस गेल्यालं हाय." नऊवारी बदलली, आणि मी काही बोलायच्या आत गाडीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. हणमंत सारोळ्याहून थेट आला.

वंदना झाली. डेपोतली मंडळी बोलली. ड्रायव्हर काका नुसते हात जोडून खाली बसले. मग जेवणं. आत्या आयुष्यात पहिल्यांदा बौद्धाच्या घरी पंगतीला बसल्या, हे मला माहीत होतं. तुझ्या आईलाही माहीत असावं, कारण वाढताना त्या क्षणभर आत्यांच्या पानापुढे थांबल्या. आत्यांनी वर बघितलं. "वाढा की," म्हणाल्या, आणि वरणभात दोनदा मागून घेतला. काही मोठं झालं नाही. कुणाचं लक्षही नव्हतं. तू असतीस तर काही तरी बोलून सगळ्यांना हसवलं असतंस, आणि आत्यांना त्याची गरज होती.

जेवणानंतर तुझी आई आमच्यापाशी येऊन बसली. तू आणि त्या, दोघींचंच घर. त्या घरात आता एकाच माणसाच्या चपला आहेत. त्यांनी मला विचारलं, "दर रविवारी काय खेळायचा ओ तुमी? मला आपलं वाटायचं, पत्ते कुटत्यात."

मी सांगायचा प्रयत्न केला. जुना काळ, सात खोरी, राजा, रिवाज. बांध घालायचा, पाणी द्यायचं. हणमंतनं त्याचा लढवय्या सांगितला. आत्यांनी येसाईचं सांगितलं, वेशीवरची म्हातारी, तलवारीला भीक न घालणारी. तुझी आई एकेकाकडे बघून ऐकत होती.

"आन त्यात माझी पोर कोण व्हती?"

 या खेळात जो प्रदेश मांडतो त्याला स्वतःचं पात्र नसतं. चार वर्षांत वेरुंडात तुझ्या नावाचं कुणीच नव्हतं. हे त्यांना कसं सांगायचं ते सुचेना.

आत्याच बोलल्या. "समदी तीच व्हती ओ. आमी एकेक. बाकी समदं गाव ती. राजा ती, नावाडी ती, इहिरीवरच्या बाया ती. पोरं ती, म्हातारी ती. डोंगरावरचा त्यो ऐकणारा, त्यो बी तीच."

तुझी आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"मंजी दमत असंल," त्या म्हणाल्या.

मला इतक्या वर्षांत हे एकदाही वाटलं नव्हतं.

"दमायची," आत्या म्हणाल्या. "पर शेवटची गाडी लागली, ऊठ म्हटलं, तरी उठायची न्हाई."